परसात आलेला शिकारी पक्षी: शिक्रा, ससाणा की आणखी काही?

अंगणवासी (प्रश्न)

परसातल्या भिंतीवर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक शिकारी पक्षी सकाळी येऊन बसतो आहे. दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

आकार कबुतराएवढा, पण अंगाने सडपातळ. शेपूट लांब, तिच्यावर गडद आडवे पट्टे. पाठ तपकिरी, पंखांवरच्या पिसांच्या कडा फिकट तांबूस. छाती पांढरट, तिच्यावर तपकिरी थेंबांच्या उभ्या ओळी. कुशीकडे हेच थेंब आडवे होत जातात. गळ्याच्या मधोमध एक उभी काळपट रेघ. डोळे पिवळे, पाय पिवळे. एकदा सरडा पायाखाली दाबून, तुकडे तोडून खाताना दिसला. तो आला की खारी, बुलबुल आणि सातभाई एकदम कालवा करतात.

शेजारी ठामपणे ‘ससाणा’ म्हणतात. ओळख सांगणाऱ्या ॲपने एका फोटोला शिक्रा म्हटलं आणि दुसऱ्याला बेसरा. पक्षी मात्र दोन्हीत तोच आहे.

तीन प्रश्न आहेत. हा नेमका कोण? नर की मादी? आणि परसात लहान पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं आणि दाण्याची थाळी ठेवलेली आहे, ती उचलावी का?

---

रानकवडा

नाव ठरवण्याआधी हा खरंच शिकारी पक्षी आहे का, एवढं पक्कं करून घ्या. हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण ऑगस्टमध्ये तपकिरी पाठीचा, छातीवर थेंब असलेला, पट्टेरी शेपटीचा, कबुतराएवढा पक्षी म्हणजे पावशाचं तरुण पिल्लू असण्याची शक्यता चांगलीच असते. पावशा हा कोकिळेच्या कुळातला. त्याचं रूप, उडण्याची ढब, दोन-चार वेळा पंख मारून तरंगत जाणं, सगळं शिक्र्यासारखं. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ ओरडतो तोच हा. तरुण पक्षी मात्र ओरडत नाही, त्यामुळे आवाजाची मदत मिळत नाही.

फरक असा ओळखा. शिक्र्याची चोच आखूड, मुळापासूनच खाली वळलेली आणि टोकाला आकड्यासारखी. चोचीच्या मुळाशी पिवळी, मेणचट दिसणारी उघडी त्वचा असते. पावशाची चोच बारीक, बरीचशी सरळ, टोकाशी जराशी वाकलेली, आणि ती पिवळी त्वचा नसते. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. लांबून तेच पिवळ्या डोळ्यासारखं भासतं आणि घोटाळा होतो. पावशाचे पाय किरकोळ, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे, एक मागे, आणि नखं लांबूनही जाणवण्याइतकी मोठी. बसल्यावर पावशा अंग बरंच आडवं ठेवतो, पंख शेपटीच्या खाली लोंबतात आणि शेपूट डावी-उजवीकडे हलते.

सातभाई ओरडतात म्हणून तो शिकारी, हा पुरावा धरू नका. पावशालाही ते तसेच ओरडतात, कारण शिक्र्याचं सोंग त्यांनाही फसवतं. उलट एखादा सातभाई या ‘शिकारी’ पक्ष्याच्या तोंडात अळी भरवताना दिसला, तर प्रश्न तिथेच मिटला: पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो.

तुमच्या वर्णनात मात्र निकाल लावणारी एक गोष्ट आहे. सरडा पायाखाली दाबून तुकडे तोडणं पावशाला जमत नाही. त्याला भक्ष्य पायाने धरताच येत नाही, चोचीत धरून झटकतो आणि गिळतो. तेव्हा हा शिकारीच.

आता ‘ससाणा’. ससाण्याचे डोळे गडद तपकिरी असतात, लांबून काळेच दिसतात. पिवळा डोळा दिसला की ससाण्यांचा अख्खा गट बाद, मग तो बहिरी असो, तुरुमती असो की खरुची. पंख टोकदार आणि लांब, डोळ्याखाली बहुतेक जातींत मिशीसारखा गडद ओघळ, वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा खाचेरा. तुमच्या पक्ष्यात यातलं काहीच नाही. जाता जाता: ससाणे दिसायला शिक्र्यांचे चुलते वाटतात, पण २००८ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनुसार ते पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांना जास्त जवळचे ठरले आहेत.

---

नखचोच

वरच्या प्रतिसादाशी सहमत. उरतो तो आखूड-गोल पंख आणि लांब शेपटीचा गट. झाडीतून वळणं घेत पाठलाग करायचा म्हणून ही अंगकाठी. या आकारात तीनच नावं विचारात घ्यायची: शिक्रा, बेसरा आणि युरेशियन स्पॅरोहॉक.

स्पॅरोहॉक सर्वांत आधी वगळा. मैदानी भागात तो हिवाळी पाहुणा. साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत असतो, ऑगस्टमध्ये त्याची अपेक्षा नाही. तारखेवर भरवसा नसेल तर अंगावरची खूण बघा: त्याच्या गळ्यावर मधली एकेरी रेघ नसते, बारीक बारीक रेघोट्या असतात. तरुण पक्ष्याच्या छातीवरही उभे थेंब नसून तुटक, जाड आडवे पट्टे असतात. डोळ्यावर फिकट भुवई असते. उडताना पंखाच्या टोकाला त्याची सहा ‘बोटं’, म्हणजे बोटांसारखी पसरलेली पिसं, सुटी दिसतात, शिक्र्याची पाच.

बेसरा विरुद्ध शिक्रा हे खरं दुखणं, कारण गळ्यावर मधली रेघ दोघांनाही असते. ॲप तिथेच अडखळलं. कागदावर सोपं वाटतं: बेसराची रेघ जाड आणि गडद, शिक्र्याची बारीक. पण तरुण शिक्र्याची रेघ कधी कधी चांगली ठळक असते, आणि पक्ष्याने मान आखडली की गळ्याची पिसं एकवटून ती दुप्पट जाड दिसते. म्हणून फक्त रेघेवरून निकाल देऊ नका. तीन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात.

पहिली, शेपटी. शिक्र्याच्या शेपटीवरचे गडद पट्टे मधल्या फिकट जागेपेक्षा स्पष्टपणे अरुंद असतात. बेसराचे गडद पट्टे रुंद, फिकट जागेइतकेच. हे मिटलेल्या शेपटीवरसुद्धा कळतं, आणि माझ्या मते फोटोवरून ओळखायला ही सर्वांत भरवशाची खूण आहे. प्रौढ शिक्र्याच्या मधल्या पिसांवर पट्टे नसतात किंवा अगदी पुसट असतात, त्यामुळे वरून मिटलेली शेपटी सपाट करडी दिसते. तुम्हाला पट्टे दिसले, म्हणजे पक्षी अजून तरुण असण्याकडेच कल.

दुसरी, पाय. शिक्र्याची नळी तुलनेने आखूड आणि दणकट, बोटं जाड. तो सरडे, पाली, मोठे किडे, बेडूक, लहान पक्षी, उंदीर असं मिळेल ते खातो. बेसरा आणि स्पॅरोहॉक मुख्यतः उडते पक्षी पकडणारे, त्यामुळे त्यांचे पाय काडीसारखे बारीक आणि मधलं बोट उठून दिसेल इतकं लांब. पक्षी तारेवर किंवा भिंतीच्या कडेवर बसलेला असेल तर मधलं बोट बाजूच्या बोटांपेक्षा किती पुढे येतं ते नीट बघा.

तिसरी, छातीवरचं काम. तरुण शिक्र्याच्या पांढरट छातीवर तपकिरी थेंब सुटे सुटे असतात. बेसराचे ओघळ गडद, दाट, एकमेकांत मिसळलेले, आणि पाठही जास्त काळपट.

शिवाय अधिवास. बेसरा दाट जंगलाचा, लाजरा पक्षी. शिक्रा बागा, शेतं, मोठी झाडं असलेल्या वस्त्या यांत सर्रास राहतो. उघड्या भिंतीवर बसून सरडा खाणं ही शिक्र्याची रीत. अर्थात घर जंगलाला लागून असेल तर हा मुद्दा निम्म्याने कमी धरा.

फोटोंत शेपटीचे पट्टे आणि पायाची बोटं कशी दिसतात, ते लिहाल का?

---

दुर्बीण८

मी शिक्र्याच्याच बाजूने आहे, पण दोन शंका नोंदवतो.

एक म्हणजे तिसा हा दुसरा शिकारी पक्षी. त्याच्याही गळ्यावर मधोमध काळी रेघ असते आणि तो झाडीच्या कडेला, खांबावर निवांत बसून सरडे, टोळ टिपतो. वर्णनातली ‘गळ्यावर रेघ आणि सरडा’ ही जोडी त्यालाही लागू पडते. प्रौढाचे डोळे पांढरट, तरुणाचे गडद. तपकिरी पाठीमुळे लोक फसतात.

दुसरं, डोळे पिवळे आहेत म्हणजे मादी असावी. शिक्र्याच्या नराचे डोळे लाल असतात.

---

नखचोच

तिसाची आठवण चांगली काढलीत, तो लोकांच्या ध्यानातच येत नाही. पण तो इथे बसत नाही. त्याच्या गळ्यावर एक नव्हे तर तीन रेघा, मधली एक आणि गालांवरून उतरणाऱ्या दोन. तो कबुतरापेक्षा बराच मोठा, जवळजवळ कावळ्याच्या मापाचा. बसल्यावर मिटलेले पंख शेपटीच्या टोकाजवळ पोचतात, आणि शिक्र्याचे जेमतेम निम्म्या शेपटीवर थांबतात. मानेवर मागून पांढरा डाग असला तर तोही तिसाकडे बोट दाखवतो. पिवळा डोळा त्याला कुठल्याच वयात बसत नाही.

‘पिवळे डोळे म्हणजे मादी’ हे मात्र फक्त प्रौढांपुरतं खरं. प्रौढ नराचे डोळे लाल, पाठ निळसर करडी, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा. प्रौढ मादीचे डोळे पिवळे ते नारिंगी, पाठ जरा तपकिरीकडे झुकणारी. तरुण पक्ष्यांचे डोळे नर-मादी दोघांचेही पिवळेच असतात, नराचे वयाबरोबर नारिंगीवरून लाल होत जातात. तेव्हा तरुण पक्ष्याचं लिंग डोळ्यावरून ठरत नाही. मादी आकाराने मोठी असते, पण त्याचा उपयोग दोघं शेजारी बसले तरच. एकट्या पक्ष्याला बघून ‘मोठा आहे, मादी असेल’ म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज.

---

अंगणवासी

फोटो मोठे करून पुन्हा पाहिले. गालांवर रेघा नाहीत, मधली एकच. एका फोटोत ती बारीक आहे, दुसऱ्यात, जिथे तो खाली वाकून बघतो आहे तिथे, बरीच जाड. शेपटीवरचे गडद पट्टे अरुंद आहेत, फिकट जागा त्यांच्या दुप्पट तरी भरेल. पंखांची टोकं शेपटीच्या मध्याच्या थोडी वरच संपतात. बोटं भिंतीच्या कडेवर आहेत, मधलं बोट लांब आहे पण फार पुढे आलेलं वाटत नाही. छातीवरचे थेंब सुटे आहेत.

दुसरा फोटो आभाळाच्या उजेडासमोरचा असल्याने पक्षी काळपट आलाय. ॲपने त्यालाच बेसरा म्हटलं.

फोटो चांगला यावा म्हणून आणि आकार नक्की कळावा म्हणून काय करावं, तेही सांगा.

---

रानकवडा

बेसरा कुठून आला ते उलगडलं. उजेडासमोर पाठ काळी पडली, वाकल्याने रेघ जाड झाली, थेंब एकमेकांत मिसळल्यासारखे दिसले. तिन्ही गोष्टी बेसराकडे ढकलणाऱ्या, आणि तिन्ही फोटोतल्या. ॲपला द्यायचा फोटो तोच निवडा ज्यात पक्षी सरळ बसलाय आणि उजेड तुमच्या पाठीमागून येतोय. ॲपचं उत्तर म्हणजे कुठली नावं तपासायची याची यादी, एवढंच समजा. या गटातले तरुण पक्षी ॲपला नेहमी अडचणीत टाकतात.

आकारासाठी एक सोपा उपाय. पक्षी ज्या जागी बसला ती जागा फोटोत आहे. तो उडून गेल्यावर भिंतीच्या विटेची किंवा ठोकळ्याची उंची पट्टीने मोजा आणि फोटोत पक्षी किती विटांएवढा भरतो ते बघा. शिक्रा चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० सेंमीच्या आसपास. पण बसलेला पक्षी तिरका असतो आणि शेपटी कधी भिंतीमागे लपते, म्हणून फोटोतला आकडा थोडा कमीच येणार. नजरेचा अंदाज मात्र सोडून द्या. आकाशासमोर किंवा उघड्या जागी बसलेला पक्षी हमखास मोठा वाटतो, आणि पिसं फुलवून बसला तर सडपातळ पक्षीही गुबगुबीत दिसतो.

फोटो काढताना:

आभाळ मागे असेल तर एक्स्पोजर +१ पर्यंत वाढवा. आभाळ पांढरं फटक होईल, होऊ द्या. आपल्याला पक्ष्याचं पोट हवंय.

मोबाइलचं झूम ताणून एक फोटो घेण्यापेक्षा कमी झूमवर व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातली चौकट उचला. पक्षी मान वळवतो, पाय हलवतो, शेपटी उघडतो, हे सगळं व्हिडिओत सापडतं. हात टेकवून धरा.

पहिला फोटो बसल्या जागेवरून, लगेच घ्या. चेहरा सगळे टिपतात. तुम्हाला हवेत गळा समोरून, शेपटी खालून, पाय आणि पंखांची टोकं. उडताना तो खालून दिसला तर नेम धरून बटण दाबत राहा, पंखाची बोटं मोजायला अंधुक फोटोही पुरतो.

फोटो उजळवणारे, धार देणारे फिल्टर लावू नका. छातीवरचे थेंब त्यात रेघा होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो ओळखीसाठी पाठवू नका, मूळ फाइल पाठवा.

आवाज ऐकू आला तर रेकॉर्ड करा. शिक्र्याचा आवाज दोन सुरांचा, चिरका, ‘टी-टू, टी-टू’ असा. फक्त ऐकून ‘शिक्रा’ लिहू नका मात्र, कोतवाल त्याची नक्कल हुबेहूब करतो.

---

नखचोच

अरुंद पट्टे, सुटे थेंब, आखूड पंख, एकच रेघ, फार लांब नसलेलं मधलं बोट. माझ्या बाजूने निकाल शिक्रा, तरुण. पंखांवरच्या पिसांना फिकट तांबूस कडा आहेत, म्हणजे पिसं ताजी आहेत, या कडा झिजून जातात. याच हंगामात घरट्यातून बाहेर पडलेला पक्षी असावा. भारतात शिक्र्याची वीण उन्हाळ्यात होते, तेव्हा ऑगस्टअखेर असा नवखा पक्षी दिसणं वेळेला धरून आहे. साधारण वर्षभराने तो पिसं बदलेल, तेव्हा जुनी तपकिरी आणि नवी करडी अशी मिसळ दिसेल आणि लोक पुन्हा नवीन जात समजतील.

घरटं जवळपास असू शकतं. उंच झाडाच्या बेचक्यात काटक्यांचं, कावळ्याच्या घरट्यासारखंच. शोधत झाडाखाली घोटाळू नका, फांद्या हलवू नका. पुढच्या उन्हाळ्यात काटकी पायात धरून नेणारा पक्षी दिसला तर तो कावळा नव्हे असं समजा, कावळा काटकी चोचीतून नेतो.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणार असाल तर एक लक्षात असू द्या. जुन्या पुस्तकांत शिक्र्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅक्सिपिटर बाडियस असं दिसेल. २०२४ च्या फेरबदलात शिक्रा आणि बेसरा टॅकिस्पायझा या प्रजातीत (जीनसमध्ये) गेले, युरेशियन स्पॅरोहॉक अ‍ॅक्सिपिटरमध्येच राहिला. पक्षी तोच आहे, यादीतली जागा हलली.

---

दुर्बीण८

डोळ्याच्या रंगाचा मुद्दा मान्य, तरुण पक्ष्यात तो लागू नाही. शिक्रा या नावालाही माझी हरकत उरली नाही.

पाण्याच्या भांड्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाणी उचलायची गरज नाही. शिक्राही त्यात पाणी पितो, अंघोळ करतो. दाण्याची थाळी मात्र दोन आठवडे बंद ठेवून बघा. एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी लहान पक्षी जमले की शिकाऱ्याला दबा धरणं सोपं जातं. दाणे थांबले की गर्दी पांगते आणि तोही फेऱ्या लांबवर मारू लागतो. नंतर थाळी पुन्हा ठेवाल तेव्हा झुडपापासून दोन-तीन मीटरवर ठेवा. अगदी चिकटून ठेवली तर झुडपात मांजर लपतं, फार उघड्यावर ठेवली तर चिमण्यांना पळायला आडोसा नसतो.

काचेची मोठी खिडकी असेल तर तिच्याकडे जास्त लक्ष द्या. पाठलागाच्या भरात शिक्रा आणि त्याचं भक्ष्य दोघंही काचेवर आपटतात. थाळी एकतर खिडकीपासून १ मीटरच्या आत, म्हणजे पक्ष्याला वेगच घेता येत नाही, किंवा ९ मीटरपेक्षा लांब. मधलं अंतर सर्वांत वाईट. काचेवर बाहेरून ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा, दोन ठिपक्यांत ५ सेंमीपेक्षा जास्त जागा नको. एकच ससाण्याचं चित्र चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतात आणि उरलेल्या काचेवर आदळतात.

घरात उंदरांसाठी विषारी वड्या टाकत असाल तर आता पिंजरा लावा. ब्रोमाडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि सहज पकडला जातो. ते विष मग खाणाऱ्याच्या पोटात जातं.

---

अंगणवासी

थाळी उचलली, पाणी ठेवलंय. आज परसात पिसांचं एक कडं पडलेलं दिसलं, बहुधा पारव्याची. हे त्याचंच काम की मांजराचं?

---

रानकवडा

पिसं उचलून देठ बघा. शिकारी पक्षी भक्ष्य खाण्याआधी पिसं एकेक उपटतो. देठ टोकापर्यंत शाबूत राहतो, फार तर त्यावर चोचीचा चिमटा दिसतो. मांजर चावून तोडतं, त्यामुळे देठ अर्ध्यातून कापलेले, पिसं लाळेने एकमेकांना चिकटलेली, पंखांचे तुकडे इकडेतिकडे.

देठ शाबूत असले तरी थेट शिक्र्याचं नाव लिहू नका. पारवा शिक्र्याला जड जातो, तो सहसा त्याहून लहान पक्ष्यांना हात घालतो. पिसांचा रंग आणि लांबी बघा, होला निघण्याची शक्यता जास्त. नोंदीत ‘शिक्रा, तरुण, लिंग अनिश्चित, सरडा खाताना’ एवढंच लिहा. पिसांची नोंद वेगळी, ‘शिकारी पक्ष्याने उपटलेली, जात अनिश्चित’.